'तुंबाड'चे दोन शुक्रवार

१२ ऑक्टोबर २०१८ च्या शुक्रवारी 'तुंबाड' हा हिंदी भयपट लागला. पहिल्या दिवसाचा गल्ला ६५ लाखांच्या आसपास होता. थिएटरातून उतरेपर्यंत सगळी मिळून कमाई झाली साधारण १३ कोटी. जाणकारांनी कौतुक केलं, तिकीटबारीने पाठ फिरवली, आणि हिंदीत वेगळं काही करू पाहणाऱ्या चित्रपटांचं जे होतं ते याचंही झालं असं सगळे धरून चालले. मग १३ सप्टेंबर २०२४ च्या शुक्रवारी तोच चित्रपट पुन्हा लागला आणि ३० कोटींच्या वर गेला, म्हणजे पहिल्या खेपेच्या दुपटीहून जास्त. मधला बराच काळ तो ॲमेझॉन प्राइमवर होता. तिकीट काढून आलेल्यांपैकी अनेकांनी तो घरी बघितलेला असणार. सोनं राखून बसलेला त्यातला शापित हस्तर कसा दिसतो आणि शेवटी काय होतं, हे त्यांना ठाऊक असणार. तरी ते आले.

भयपट जमला का आणि भयपट चालला का, हे दोन प्रश्न आपण कायम एकत्र विचारतो. पडलेल्या चित्रपटात दोष शोधतो आणि चाललेल्या चित्रपटात गुण. 'तुंबाड'च्या बाबतीत हे करता येत नाही, कारण पडला तो आणि चालला तोही हाच. म्हणून भयपट कशाने उभा राहतो आणि कशाने झोपतो हे बघायला मला याच्याइतकं सोयीचं प्रकरण दुसरं दिसत नाही. यात कथा शेवटासकट सांगावी लागणार आहे. ज्यांनी चित्रपट बघितलेला नाही त्यांनी आधी तो बघावा, मग हे वाचावं.

चित्रपट घडला कसा

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून नारायण धारपांची एक गोष्ट ऐकली. त्या भीतीतून १९९७ मध्ये पहिला खर्डा लिहिला गेला. तेव्हा बर्वे १८ वर्षांचे होते. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, पण कादंबरीशी चित्रपटाचा नावापलीकडे संबंध नाही. खरं तुंबाड रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे. चित्रपटातलं तुंबाड पुण्याहून जाऊन येण्यासारखं, सतत पावसात भिजणारं एक शापित गाव आहे.

पुढे सुमारे ७०० पानांचा स्टोरीबोर्ड तयार झाला. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, मनासारखं उतरलं नाही, तेव्हा पटकथेवर पुन्हा काम झालं आणि पुन्हा चित्रीकरण झालं. आनंद गांधी आणि आदेश प्रसाद यांचा या फेरमांडणीत मोठा वाटा आहे. सोहम शाह यांनी निर्मिती केली आणि विनायकाचं, म्हणजे नायकाचं, कामही केलं. पाऊस खरा हवा होता म्हणून एकामागून एक पावसाळे थांबावं लागलं. वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा. २०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातल्या 'क्रिटिक्स वीक' या विभागाची सुरुवात याच चित्रपटाने झाली. तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट.

घर सोडून जात का नाहीत?

भयपट बघताना अर्ध्या तासात एक प्रश्न हमखास येतो. बंगल्यात काहीतरी आहे हे कळलंय ना, मग हे लोक सामान बांधून निघत का नाहीत? पटकथा लिहिणाऱ्यालाही हा प्रश्न माहीत असतो. म्हणून गाडी बंद पडते, फोनला रेंज नसते, पूल वाहून जातो. लेखक बाहेरून कडी घालतो. ती कडी एकदा दिसली की प्रेक्षक आतून निर्धास्त होतो, कारण पडद्यावरच्या संकटाची जबाबदारी आता लेखकाची असते, पात्राची नसते. बहुसंख्य भयपट इथेच मरतात असं माझं स्पष्ट मत आहे. मेकअप आणि व्हीएफएक्सचं बजेट ही नंतरची गोष्ट.

विनायकाला कोणीही कोंडलेलं नाही. १९१८ साली धाकटा भाऊ सदाशिव जखमी होऊन मरतो, आई विनायकाला घेऊन पुण्याला निघते आणि तुंबाडला पुन्हा पाऊल टाकणार नाही अशी शपथ त्याच्याकडून घेते. गोष्ट तिथेच संपू शकली असती. पंधरा वर्षांनी तो आपणहून परत येतो. त्यानंतर दर खेपेला पुण्याहून निघतो, वाड्यातल्या विहिरीत स्वतः दोर सोडतो, स्वतः उतरतो. वर यायची वाट मोकळी असते, घरी बायको-मुलं असतात, आधीच्या खेपेचा पैसा अजून संपलेला नसतो. तो जातो कारण खाली सोनं आहे.

त्यामुळे प्रेक्षकाची जागा बदलते. एरवी आपण भुताच्या तावडीत सापडलेल्या माणसाच्या बाजूचे असतो. इथे आपण विनायकाचे भागीदार होतो. हस्तर कणकेच्या बाहुलीवर तुटून पडलेला असताना विनायक त्याच्या लंगोटाला हात घालतो आणि मोहरा खळखळ खाली पडतात, तेव्हा "पुरे, निघ आता" आणि "अजून एक ओढ" हे दोन्ही विचार एकदम येतात. दुसरा विचार आपल्याला येऊन गेला हे लक्षात येणं, ही या चित्रपटातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे. तिला ना मेकअप लागला, ना ढोलताशे.

मोहरा हातात आल्यावर तो त्या पुण्यात राघव या सावकाराकडे मोडतो, त्याही थोड्या थोड्या. राघवला संशय येतो. इतकी जुनी नाणी याच्याकडे येतात कुठून, आणि दर वेळी इतकी थोडीच का? भुताच्या गोष्टीत हा धंद्याचा भाग एरवी कोणी दाखवत नाही. विनायकाचं तुंबाडला जाणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होऊन बसतं. पुढे तो मुलाला, पांडुरंगाला, त्या कामाची तालीम देतो. बापाने मुलाला धंदा शिकवावा तसं शिकवतो, आणि त्या तालमीत बापाचं प्रेमही दिसतं. भीती इतक्या साध्या घरगुती व्यवहारात मिसळली की ती थिएटरबाहेरही सोबत येते.

नियम

दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने पहिलीइतकीच महत्त्वाची, म्हणजे हस्तरला नियम आहेत. देवीचा तो पहिला मुलगा. तिचं सगळं सोनं त्याने घेतलं, धान्यावर झडप घातली तेव्हा बाकीचे देव तुटून पडले. देवीने त्याला वाचवलं, पण त्याची पूजा कधी होणार नाही या अटीवर. म्हणून त्याच्याकडे सोनं आहे आणि पोटात भूक. कणकेची बाहुली ठेवली की तो येतो. पिठाचं रिंगण ओलांडत नाही. त्याचा स्पर्श झालेला माणूस मरत नाही, सडत राहतो.

हे सगळं दोन मिनिटांत सांगून होतं आणि शेवटपर्यंत मोडत नाही. वाईट भयपटात भूत कधी भिंतीतून आरपार जातं, कधी दारावर धडका मारतं. कधी मंत्राला घाबरतं, कधी त्याच मंत्राला हसतं. पटकथेला त्या क्षणी जे सोयीचं असेल ते भूत करतं. नियम नसले की काहीही होऊ शकतं, आणि काहीही होऊ शकतं म्हटल्यावर प्रेक्षक अंदाज बांधायचं सोडून देतो. अंदाज बांधणं थांबलं की भीतीही थांबते. उरतं ते मोठ्या आवाजाने दचकवणं. ते कोणालाही जमतं, अंधारात मांजर टाकून.

इथे नियम पक्के आहेत म्हणून शेवटचा धक्का बसतो. १९४७ उजाडतं, वाडा सरकारच्या ताब्यात जाणार हे दिसू लागतं. दर खेपेला चार मोहरा ओढण्यापेक्षा लंगोटच काढून आणला तर? पांडुरंगाच्या डोक्यातून आलेली ही कल्पना. त्यासाठी हस्तरला जास्त वेळ गुंतवायला हवं, म्हणून जास्त बाहुल्या. बापलेक खाली उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. यात कुठलाही नियम वाकवलेला नाही. बाहुली ठेवली की हस्तर येतो, हे आपल्याला माहीतच होतं. फक्त एकाहून जास्त बाहुल्या ठेवल्या तर काय, हा विचार विनायकाने केला नव्हता आणि आपणही केला नव्हता. थिएटरात त्या क्षणी जी शांतता पसरते ती या हिशेबाची आहे. राघवचंही तसंच होतं: तो खाली उतरतो, पण नियम न शिकता.

आजीचं दृश्य, हस्तरचा स्पर्श झालेला माणूस मरत नाही, या नियमातून आलेलं. लहानपणी विनायक जिला बघून किंचाळायचा, "झोप, नाहीतर हस्तर येईल" एवढ्या वाक्यावर जी झोपायची, ती म्हातारी पंधरा वर्षांनी त्याच पडक्या वाड्यात आहे. तिच्या अंगातून झाड उगवलंय. मुळं आणि मांस यात फरक करता येत नाही, आणि त्यात कुठेतरी तिचं काळीज अजून धडधडतंय. ती बोलते, सौदा करते: खजिन्याची वाट सांगते, मला जाळून टाक. धमकी म्हणून मरण पुरेसं नसतं हे या दृश्याने दाखवलं. इतकं जगणं त्याहून वाईट. आणि हे सगळं डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून विनायक खाली उतरतोच. आजीचं काम मोहम्मद समद या मुलाने केलंय, पांडुरंगाचंही त्यानेच. हे कळल्यावर मी ते दृश्य पुन्हा बघितलं आणि त्या मुलाबद्दलचा आदर दुणावला.

पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, त्याला फिल्मफेअरही मिळालं. मला एवढंच नोंदवायचंय की अंधार निळा करून उजळवलेला नाही. कंदिलाचा उजेड जिथे संपतो तिथे खरोखर काही दिसत नाही, आणि दिवसाचा उजेड पावसाळी आभाळातून गाळून आलेला असतो. पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर कीड यांचं. संगीत दृश्याच्या आधी ओरडून सूचना देत नाही, हे हिंदी भयपटात दुर्मीळच.

जिथे कमी पडतो

सुरुवातीची देवीची कथा निवेदनातून, तयार करून हातात दिली जाते. नियम सांगायलाच हवेत हे मान्य, पण हस्तरची भूक आपल्याला विनायकाबरोबर, विहिरीच्या तळाशी कळली असती तर ती जास्त खोल गेली असती. आरंभी गांधीजींच्या नावावरचं हाव आणि गरज यांबद्दलचं वाक्य येतं. त्याचीही गरज नव्हती. पुढचा सगळा चित्रपट तेच तर सांगतो.

मोठी उणीव बायकांची. आईच्या भूमिकेत ज्योती माळशे आहेत आणि पहिला भाग त्यांनी पेलून धरलाय. पण विनायक मोठा झाल्यावर अनिता दाते यांच्या वाट्याला काठावरची भूमिका येते. नवऱ्याच्या पैशाचं मूळ घरातल्या बाईला किती कळतं, कळलं तर ती काय करते, हा या गोष्टीतला फार मोठा प्रश्न होता. तो उघडलाच नाही. पावणेदोन तासांची लांबी राखण्यासाठी हे केलं असेल, तरी मला ती चुकलेली संधी वाटते.

मग २०१८ मध्ये काय बिनसलं?

वरच्या दोषांमुळे चित्रपट पडला असं कोणी म्हणणार नाही. जे बलस्थान तेच विकायला अवघड, असं माझं निदान आहे. भागीदार झाल्याची भावना अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये बसत नाही. ट्रेलरमध्ये दिसला पाऊस, वाडा, लाल गुहा. बघणाऱ्याला कळेना, ही पौराणिक गोष्ट की भुताची? भुताची म्हणावी तर भूत कोणाच्या मागे लागलंय? ओळखीचा स्टार नाही, ए प्रमाणपत्रामुळे मुलाबाळांना नेता येत नाही. हिंदीत भयपट म्हटलं की स्वस्तातला, लपूनछपून बघायचा प्रकार अशी जी प्रतिमा वर्षानुवर्षं तयार झाली आहे, ती पुसायला एक शुक्रवार पुरत नाही.

अशा चित्रपटाला तोंडी प्रसिद्धी लागते, आणि तिला दिवस लागतात. ते मिळाले नाहीत. आदल्याच आठवड्यात 'अंधाधुन' लागला होता आणि लोक एकमेकांना सांगून त्याला गर्दी करत होते. १८ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सुट्टीला, 'बधाई हो' आला. मल्टिप्लेक्सचे पडदे मोजकेच असतात. नवा चित्रपट आला की पहिला बळी जातो तो कालपरवा कमी भरलेल्या खेळाचा. सकाळचा किंवा रात्री उशिराचा एकच खेळ उरला की "बघच" असं मित्राने सांगूनही उपयोग नसतो.

प्रेक्षक भयपटाला तयार नव्हता, हे कारण मात्र मला पटत नाही. त्याच वर्षी ऑगस्टअखेर आलेला 'स्त्री' जोरात चालला होता. त्यात भीतीला विनोदाची जोड होती. हसू आलं की सगळं घर बरोबर बसून बघतं, आणि घाबरलेला माणूस लगेच हसून मोकळा होतो. तोही प्रामाणिकपणे केलेला चित्रपट आहे, पण तो प्रेक्षकाला सुटका देतो. 'तुंबाड' देत नाही. सुटका न देणारा भयपट पहिल्या आठवड्यात गर्दी खेचेल अशी अपेक्षा ठेवून त्याचं वितरण करणं, हीच चूक होती.

इथे एक मराठी बाजू आहे. धारप आणि मतकरी वाचत मोठ्या झालेल्या पिढ्या आपल्याकडे आहेत, ज्यांना घरातली, वाड्यातली, नात्यातली भीती कशी वाढते हे कोणी शिकवायला नको. पण मराठी पडद्यावर ती भीती फार क्वचित येते. २०१७ च्या 'लपाछपी'ने उसाच्या शेतातून ती आणली, आणि मोठा प्रेक्षक मिळाला तो हिंदीत 'छोरी' झाल्यावर, थेट ओटीटीवर. 'तुंबाड'ची माणसं, गाव, वाडा, मूळ प्रेरणा सगळं मराठी, बोली हिंदी. एवढी वर्षं चाललेल्या, एवढ्या खर्चाच्या चित्रपटाला मराठीचं गणित परवडलं नसतं हे समजतं. समजलं तरी सलतं.

आणि २०२४ मध्ये काय जुळलं?

सहा वर्षांत तोंडी प्रसिद्धीला हवा तेवढा वेळ मिळाला. एकाने दुसऱ्याला लिंक पाठवली, दुसऱ्याने रात्री हेडफोन लावून बघितला, आणि "हा मोठ्या पडद्यावर बघायला हवा होता" हे वाक्य सगळीकडे ऐकू येऊ लागलं. ज्याला २०१८ मध्ये ट्रेलर पुरला नाही, त्याला आता पूर्ण चित्रपटच जाहिरात म्हणून मिळाला होता.

वातावरणही वेगळं होतं. जूनमध्ये कोकणातल्या मुंजावर बेतलेला 'मुंज्या' चालला, १५ ऑगस्टला 'स्त्री २' ने गर्दीचे विक्रम केले. ऑगस्टमध्येच 'लैला मजनू' पुन्हा लागून पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला होता, त्यामुळे थिएटरवाल्यांचा जुन्या चित्रपटांवर विश्वास बसला होता. मोठे नवे हिंदी चित्रपट त्या आठवड्यांत नव्हते. २० सप्टेंबरला राष्ट्रीय चित्रपट दिनाचं ९९ रुपयांचं तिकीट होतं. यातला कुठला घटक किती उपयोगी पडला हे वेगळं काढता येणार नाही, आणि सगळं श्रेय कलाकृतीला देणंही बरोबर नाही. पण ९९ रुपयांत त्या दिवशी इतरही चित्रपट होते.

महत्त्वाचं हे की शेवट माहीत असलेले लोक आले. दचकवण्यावर उभा असलेला भयपट दुसऱ्यांदा बघवत नाही. मांजर कुठून उडी मारणार ते माहीत असतं. 'तुंबाड'मध्ये दुसऱ्यांदा बघताना भीती जागा बदलते. पहिल्यांदा आपण हस्तरची वाट बघतो, दुसऱ्यांदा विनायकाचा चेहरा बघतो. शपथ घेणारा मुलगा, मोहरा मोजणारा तरुण, मुलाला दोर धरायला शिकवणारा बाप. शेवटी बाहुल्या अंगाला बांधून सगळे हस्तर आपल्यावर ओढून घेणारा आणि स्पर्श झाल्यावरही मुलापुढे लंगोट धरणारा माणूस. पांडुरंग तो घेत नाही. रडत बापाला पेटवतो.

पुनर्प्रदर्शनाबरोबरच दुसऱ्या भागाची घोषणा झाली. राही बर्वे यांनी जाहीर शुभेच्छा दिल्या आणि ते त्या भागात नसल्याचं कळलं. आता हस्तरचे नियम सगळ्या प्रेक्षकांना पाठ आहेत, आणि पांडुरंगाने तर हाव नाकारलेली आहे. मोठी गुहा किंवा जास्त हस्तर दाखवून भागणार नाही. नवा माणूस लागेल, ज्याची गरज आधी पटेल आणि मग ती गरज हाव कधी झाली हे आपल्यालाही कळणार नाही. मी पहिल्या दिवशी जाणार आहे, आणि खाली उतरणाऱ्याला घरी परतायची वाट मोकळी ठेवली आहे की पटकथेने बाहेरून कडी घातली आहे, ते आधी बघणार आहे.